तळटीप : ‘वसईचा धर्मग्राम’

१. मूळ लेखात ‘आमचा धर्मग्राम’ असा उल्लेख येतो, तो वसईतला. एका चर्चभोवतीचा कॅथलिक समाज म्हणजे धर्मग्राम; अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्याच शतकात येथील जुनी चर्चे उभी राहिली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. पण वाड्यांतला भाविक समाज टिकला, आणि तोही मराठी बोलत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनाही लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. या समाजाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच परंपरेतले.

पुढची वाढ रेल्वेने घडवली. जुने धर्मग्राम पश्चिमेच्या बागायती पट्ट्यात. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे मात्र वसई रोड, नालासोपारा, विरारच्या इमारतींत आली. त्यांत कोकणी, मल्याळी, तमिळ कॅथलिकही होते. त्यामुळे स्टेशनालगतच्या धर्मग्रामांत एकाहून अधिक भाषांत मिस्सा होऊ लागल्या. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला; पहिले बिशप थॉमस डाबरे. — संपा.