हातमोजा कुठे घालावा, कुठे काढावा?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक असलेल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आता आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी गाळ्यांमधील लेथ आणि वेल्डिंगची कामे संपलेली नाहीत. ही कामे शेजारी-शेजारी चालतात आणि सर्वांना एकसारखाच गणवेश दिला, की गफलत होते.

लेथ किंवा ड्रिलवर हातमोजा संरक्षक नसून घातक ठरतो. फिरता भाग कापडाचे टोक पकडून हातच आत ओढतो. सैल बाही आणि गळ्यातील रुमालाचेही तेच. धारदार कीस उचलताना मोजा हवाच, पण यंत्र पूर्ण थांबल्यावर.

वेल्डिंगला नेमके उलट. तेथे चामड्याचे हातमोजे, चामड्याचा एप्रन आणि आत सुती कपडे हवेत. पॉलिस्टर सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळून कातडीला चिकटते. स्वस्तात मिळणारा मिश्र धाग्याचा गणवेश येथे महागात पडतो. पँटची दुमडही नको, तीत ठिणगी अडकते.

आम्लाजवळ मात्र सुती कापड आम्ल शोषून अंगाशी धरून ठेवते. तेथे रबरी किंवा पीव्हीसीचा एप्रन हवा आणि पँट बुटाच्या बाहेर. तेलासाठी नायट्राइलचे मोजे उत्तम, पण ॲसिटोन असलेले थिनर त्यातून लवकर झिरपते.

चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला घट्ट बसणारे कपडे मालकानेच पुरवावेत, असे १९४८च्या कारखाने कायद्याचे कलम २२ सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा घेणाऱ्या संहितेनुसारही सुरक्षेच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत.