नवागत आणि मुरलेले: न संपणाऱ्या डावातील न्याय

नियम सर्वांना सारखे असले म्हणजे खेळ न्याय्य झाला, असे आपण सहज मानतो. बुद्धिबळात ही समजूत टिकते, कारण प्रत्येक डाव नव्याने मांडला जातो. परंतु जेथे डाव कधी मोडतच नाही आणि कालची कमाई आजही हाताशी राहते, तेथे आधी आलेला व नंतर आलेला यांच्यात न्याय कसा करावा? इंटरनेटवर हजारोंनी एकत्र खेळावयाच्या खेळांचा इतिहास आम्हाला या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ आणला. त्यातील ब्रिटानिया या कल्पित भूमीत शहरांना पहारेकऱ्यांचे संरक्षण होते. वेशीबाहेर मात्र कोणीही कोणाला मारून त्याच्या जवळचे लुटू शकत असे. नियम एकच होता, पण त्याचा भार नवख्यांवर पडला. मुरलेले खेळाडू वाटेवर दबा धरून बसत आणि नवागताची पहिली कमाई हिरावून घेत. खुन्यांची नावे लाल अक्षरांत दाखवणे, शहरात त्यांना मज्जाव करणे, असे उपाय झाले; ते पुरे पडले नाहीत. अखेर २००० साली निर्मात्यांनी जगाचीच दुसरी प्रत काढली. 'फेलुका'त जुनी रीत राहिली. 'ट्रॅमेल'मध्ये संमतीवाचून कोणावरही हल्ला करता येईना. बहुसंख्य खेळाडू ट्रॅमेलमध्ये गेले. भय गेले तसा त्या जगाचा अर्थही गेला, अशी जुन्यांची तक्रार होती. ती आम्हाला सर्वस्वी स्वार्थी वाटत नाही. परंतु ज्या अर्थाची किंमत नेहमी दुसऱ्यानेच मोजायची, तो अर्थ सर्वांचा कसा म्हणावा?

वेगळे करण्याऐवजी मोजण्याचा मार्गही होता. बुद्धिबळपटूंचे बळ आकड्यात मांडण्याची आर्पाड इलो यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली होती. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या ऑनलाइन खेळांसाठी 'ट्रूस्किल' तयार केली. ती प्रत्येक खेळाडूविषयी दोन आकडे ठेवते: कौशल्याचा अंदाज आणि त्या अंदाजातील अनिश्चितता. नवागताविषयी आपल्याला अद्याप फारसे ठाऊक नाही, ही कबुली येथे गणितातच आहे. तरीही मुरलेले खेळाडू नवे खाते उघडून नवशिक्याचे सोंग घेतातच. मोजमापाने तुल्यबळ प्रतिस्पर्धी शोधता येतो, पण दुबळ्याला हरवण्याची हौस काही जात नाही.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'ने हा प्रश्न अधिक मुळाशी नेला. येथे कौशल्य खऱ्या घड्याळानुसार वाढते. खेळाडू झोपलेला असला तरी शिक्षण चालूच राहते. त्यामुळे पहिल्या वर्षी आलेल्याला नंतरचा माणूस एकूण गुणांत केवळ परिश्रमाने गाठू शकत नसे. मात्र प्रत्येक कौशल्याला पाचच पायऱ्या. एकाच लहान जहाजावर लक्ष केंद्रित करणारा नवागत त्या जहाजापुरता जुन्यांची बरोबरी करू शके. ज्येष्ठाला व्याप्ती मिळाली, त्या व्याप्तीतील प्रत्येक जागेची मक्तेदारी नव्हे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथे कौशल्याचे गुण काढून विकण्याची सोय झाली. एका मोठ्या मात्रेतून पन्नास लाखांहून कमी गुण असलेल्यास ५,००,००० गुण मिळत, तर आठ कोटींच्या पुढे गेलेल्यास केवळ १,५०,०००. वरवर पाहता ही नवागताला दिलेली सवलत होती; पण मात्रा विकत घ्यावी लागे. काळाने पाडलेले अंतर पैशाने बुजवता येऊ लागले, आणि नवागतांतच सधन व निर्धन असा भेद शिरला.

या उदाहरणांतून आम्हास एवढेच म्हणावयाचे आहे की समान नियम आणि समान संधी या दोन गोष्टी काळाच्या ओघात एकमेकींपासून दुरावतात. जुन्यांची कमाई पुसून टाकणे हा न्याय नव्हे, कारण ती त्यांनी आयुष्याचे तास देऊन मिळवलेली असते. पण ती कमाई नवागताची वाट अडवण्याचा अधिकार देत नाही. नवे लोक येईनासे झाले, तर ज्येष्ठत्वाला मान देणारेही कोणी उरत नाही. म्हणून नवागताचे रक्षण हे जुन्यांच्याही हिताचे आहे.