निवडुंगाच्या बांधावरून मकबऱ्यापर्यंत

मैत्रिणींनो, दसऱ्यानंतर हर्सूलहून झाडांची एक फेरी काढायची, असं आमच्या गटात ठरतंय. पाहुणे येतील, आम्ही बायका त्यांना हिंडवू. पहिला वाद झाला तो दाखवायचं काय, यावर. निम्म्या जणी म्हणाल्या, मकबरा दाखवा, हिमायतबाग दाखवा, बांधावरचे काटे कोण बघतंय? आमचं म्हणणं, सुरुवात काट्यांपासूनच करावी. बागा उभ्या राहिल्या पाण्यावर. पाणी नव्हतं तिथं हे काटेच उभे राहिले.

पाण्याचीही गोष्ट सांगायलाच हवी. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेच आजचं शहर. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. हर्सूलच्या बाजूचं, जमिनीत झिरपणारं पाणी त्याने मातीच्या नळांतून शहरात नेलं. हीच नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज, नुसता उतार. पुढे मोगलांच्या काळात बागा झाल्या. 1660 च्या सुमारास शाहजादा आझमशहाने आई दिलरस बानू बेगमसाठी मकबरा बांधला, त्याभोवती चारबाग. पाणचक्कीवर पाण्याच्याच जोरावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी दळण दळलं जाई. जात्यावर बसलेल्या बायांना तिथं काही समजावून सांगावं लागणार नाही!

आता काटे. फड्या निवडुंग मूळचा आपला नव्हे, अमेरिका खंडातला. त्यावर एक किडा पोसतो, त्यापासून लाल रंग निघतो. या रंगाच्या लोभाने इंग्रजांच्या कंपनीने 1795 मध्ये ब्राझीलहून तो किडा मागवला. आला तो भलत्याच जातीचा. रंग हलका निघाला, पण किड्याने एका जातीचा निवडुंग मात्र फस्त केला. दुसऱ्या जाती फोफावतच राहिल्या, तेव्हा 1926 मध्ये श्रीलंकेहून आणखी एक किडा दक्षिणेत आणावा लागला. सरकारच्या लेखी असं हे उपद्रवी झाड. पण दुष्काळात मुंबई इलाख्यात त्याचेच काटे जाळून फड्या जनावरांना चारल्या गेल्या. आम्हाला ही बाजू जास्त मोलाची वाटते.

घायपातही तिकडचंच, त्याच्या पानांतून वाख निघतो, वाखाचे दोर वळतात. आणि ज्या सीताफळाला आपण रामायणाशी जोडतो, तेसुद्धा समुद्रापलीकडून आलेलं. हे ऐकून आमच्यातल्या दोघीतिघी रुसल्याच. त्रिधारी निवडुंग मात्र इथलाच. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, म्हणून पोरांना तिथं हात लावू द्यायचा नाही. फड्याच्या लाल बोंडांची बारीक कुसळंही बोटांत शिरतात, तेव्हा सोबत चिमटा हवा.

दसऱ्यानंतरचे दिवस धरले ते सीताफळं पिकलेली असतात म्हणून, आणि ऊनही जरा उतरलेलं असतं. सकाळी सातला हर्सूलहून निघायचं, बांध आणि माळ आधी, ऊन चढलं की हिमायतबागेच्या सावलीत भाकरी. पाणचक्की आणि मकबरा दुपारनंतर.

मकबऱ्यापाशी सनावळ्या सांगायला शिकलेल्या पोरी आहेत. बांधावर बोलायला आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या दोघी तयार झाल्यात. एकीची अट एवढीच, की हातात माइक द्यायचा नाही.