थ्री नॉट थ्री आणि ती चालवणारा हात

'थ्री नॉट थ्री' हे नाव आपल्या कानावरून गेलेले असेलच. लाकडी दस्त्याची, सुमारे चार किलो वजनाची ही रायफल वर्षानुवर्षे पोलिसांच्या खांद्यावर दिसत असे. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला २०२० साली निरोप दिला. नावातला आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा आहे : .३०३ इंच. तिचे खरे नाव ली-एनफिल्ड. रचना जेम्स ली यांची आणि कारखाना इंग्लंडातल्या एनफिल्डचा, म्हणून हे जोडनाव. तिचा आखूड नमुना ब्रिटिश फौजेने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीकारला. पुढे तो बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही तयार होऊ लागला.

ती चालते कशी? दाराची कडी आठवा. उजव्या हाताने बोल्टची मूठ वर उचलायची आणि मागे ओढायची. रिकामी पुंगळी बाहेर उडते. मूठ पुढे ढकलली की पेटीतले नवे काडतूस नळीत शिरते आणि आतली स्प्रिंग ताणली जाते. मग मूठ खाली दाबायची, कडी बसली. पेटीत दहा काडतुसे मावतात. दस्ता खांद्याला घट्ट लावायचा, पुढची माशी मागच्या खाचेत धरायची आणि चाप सावकाश दाबायचा. हिसका दिला की नेम हललाच म्हणून समजा.

म्हणजे पाहा, ही बंदूक आपोआप दुसरी गोळी सोडत नाही. दर गोळीला माणसाचा हात चार वेळा हलावा लागतो. ब्रिटिश शिपायाला तर मिनिटाला पंधरा नेमबाज गोळ्या झाडण्याचे शिक्षण असे. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधल्या मोन्स येथे जर्मन फौजेला या सरावाची झळ चांगलीच लागली.

आता अमृतसरला या. १३ एप्रिल १९१९. जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकुमावरून पन्नास शिपायांनी याच .३०३ रायफली झाडल्या. सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या सुटल्या. शिक्षकबंधूंनो, हा भागाकार करून पाहा. माणशी तेहतीस गोळ्या. म्हणजे सरासरी अठरा सेकंदांना एक. चार सेकंदांना एक गोळी सोडू शकणारी ही रायफल! तेव्हा हा गोळीबार गोंधळात, घाबरून झालेला नव्हता. जिथे गर्दी दाट, तिथे नेम धरण्याचा हुकूम होता. मूठ उचल, ओढ, ढकल, दाब, असे प्रत्येकाने सरासरी तेहतीस वेळा केले. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशी समितीने हा आकडा हजाराच्या घरात धरला.

अकरा वर्षांनी, एप्रिल १९३० मध्ये, पेशावरात सत्याग्रह पेटला होता. तेथे रॉयल गढवाल रायफल्सच्या दोन तुकड्यांनी निःशस्त्र लोकांवर शस्त्र चालवण्यास नकार दिला. त्यांचे पुढारी हवालदार चंद्रसिंह गढवाली. त्यांना जन्मठेप झाली. ते १९४१ साली सुटले. त्यांनाही हुकूम पाळण्याचेच शिक्षण मिळाले होते, आणि नकाराची किंमत काय पडते हेही ठाऊक होते.

म्हणून वर्गात जालियनवाला बाग शिकवाल तेव्हा तो भागाकार फळ्यावर जरूर मांडा, आणि त्याच तासाला पेशावरची हकिकतही सांगा. मुलांना आपणहून कळेल की प्रत्येक गोळीआधी हात थांबवायला वेळ होता.