पाऊस जात पाहत नाही, पण ओढ्याचा नकाशा पाहतो

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठची घरे, गोठे, वाहने पाण्याने उचलली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि जिल्हा मिळून त्या पुरात वीसहून अधिक जीव गेले. सकाळी वाहिन्यांवर आणि पुढाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द होता : ढगफुटी. त्याच्या जोडीला निसर्गाचा कोप, हवामान बदल, अभूतपूर्व पाऊस.

आम्हाला या शब्दांवर शंका घ्यायची आहे. ही शंका विज्ञानावर नाही, त्या शब्दांच्या राजकारणावर आहे. हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट केलेला बरा, कारण अलीकडे आपल्याच काही तरुण मित्रांकडून आम्ही ऐकतो की हवामान बदल हे एनजीओवाल्यांचे, परदेशी निधीचे आणि उच्चवर्णीयांच्या फावल्या वेळातले थोतांड आहे, आंबेडकरी चळवळीने त्यात वेळ घालवू नये. त्यांची चीड आम्हाला समजते. पण त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो आपल्याच वस्त्यांना महागात पडणारा आहे.

हवामानशास्त्र पुण्याला परके नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 ची आणि त्याचे मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या चौकाला अजून लोक शिमला ऑफिस म्हणतात ते त्यामुळेच. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिची स्थापना 1962 ची. तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या. हे मोजमापाचे काम आहे. ते खोडायचे तर मोजमापानेच खोडावे लागेल. तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. हीच कसोटी 'सगळे खोटे आहे' असे सांगणाऱ्यालाही लागू होते आणि 'सगळे निसर्गाने केले' असे सांगणाऱ्यालाही.

म्हणून आपण इतिहास तपासू. आंबील ओढ्यापासूनच सुरुवात करू.

आज ज्या पात्रातून हा ओढा दांडेकर पुलाकडे येतो ते त्याचे मूळ पात्र नाही. पूर्वी तो आजच्या मध्यवस्तीतून वाहत होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्याच्या काळात शहर वाढवायचे होते, तेव्हा ओढ्याला बांध घालून तो पर्वतीकडे वळवला गेला. पर्वतीच्या पायथ्याशी तलाव झाला. त्याच काळात कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. अभियांत्रिकी म्हणून हे काम मोठेच होते. पण त्या हौदांवर अस्पृश्यांचा हात लागू दिला जात नव्हता. म्हणून तर 1868 मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला.

पर्वतीचा तो तलावही पुढे राहिला नाही. तिथे बागा झाल्या. म्हणजे ओढा वळवला सत्तेने, तलाव बुजवला सत्तेने. याला कोणी अतिक्रमण म्हटले नाही. अतिक्रमण हा शब्द खूप नंतर जन्मला आणि तो वळवलेल्या पात्राच्या काठावर पत्र्याचे घर बांधणाऱ्यासाठी राखून ठेवला गेला.

दुसरा प्रसंग 1876 ते 1878 च्या महादुष्काळाचा. दख्खनमध्ये पाऊस गेला. आज शास्त्रज्ञ सांगतात की त्या वेळी अत्यंत प्रबळ एल निनो होता. म्हणजे निसर्गाचा वाटा खरा होता. पण त्या काळी राज्यकर्त्यांच्या वर्तुळात काय चर्चा होती? 1877 मध्ये नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ यांचा संबंध मांडणारा लेख लिहिला. सूर्यावर डाग कमी झाले की भारतात पाऊस कमी होतो, असा त्याचा आशय. सूर्याला जबाबदार धरले की गव्हर्नरला प्रश्न विचारायची गरज उरत नाही. त्याच काळात देशातून धान्य बाहेर जात होते, शेतसारा वसूल होत होता, आणि दुष्काळी कामावरच्या मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर आणण्याचे धोरण रिचर्ड टेंपल रेटत होते. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडून संप केला.

जोतीरावांनी काय केले? त्यांनी सूर्याकडे पाहिले नाही. त्यांनी 1877 मध्ये सत्यशोधक सहकाऱ्यांबरोबर धनकवडीला दुष्काळपीडित मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. धनकवडी म्हणजे आजच्या आंबील ओढ्याच्याच परिसरातली. पुढे 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी पावसाला दोष देऊन हात झटकले नाहीत. जंगल खात्याने गायराने बळकावली, माती वाहून गेली, पाटबंधारे खात्यातले नोकर शेतकऱ्याला नाडतात, हे त्यांनी नोंदवले आणि लहान बंधारे, तळी बांधून पाणी व माती अडवायचा उपाय सांगितला. पर्यावरणाचा विचार आपल्याला परदेशातून आयात करायची गरज नाही, तो आपल्या घरात दीडशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे. फरक एवढाच की तो विचार सत्तेला प्रश्न विचारतो.

तिसरा प्रसंग 12 जुलै 1961. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि मुठेच्या पाण्याने अर्धे पुणे धुऊन नेले. त्या वर्षी पाऊस मोठा होता, हे खरे. पण धरणाचे काम पूर्ण झालेले नव्हते आणि तरी पाणी अडवले गेले होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण काही तास थोपवले म्हणून हजारो जीव वाचले. चौकशीसाठी न्या. बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. चौकशी चालू असतानाच त्यांचे निधन झाले आणि ते काम न्या. नाईक यांच्याकडे गेले. म्हणजे साठ वर्षांपूर्वी निदान एवढे तरी झाले की पुराची चौकशी ढगाची न होता धरणाची झाली.

पानशेतच्या लोकांना शासनाने 'पूरग्रस्त' म्हटले. गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर अशा भागांत त्यांना घरे आणि भूखंड मिळाले. त्यात गरीबही होते आणि ते योग्यच झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : 1961 चा पाण्यात बुडालेला माणूस पूरग्रस्त असेल, तर 2019 चा ओढ्याकाठी बुडालेला माणूस अतिक्रमणवाला कसा होतो?

आणि तो ओढ्याकाठी आला कुठून? याचे उत्तर 1972 मध्ये आहे. त्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडून माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईला आली. त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने होते, कारण गावात जमीन नव्हती आणि पाणीही आपले नव्हते. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात सवर्णांच्या विहिरीवर पाणी प्यायल्या म्हणून दलित स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली गेली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. दलित पँथर उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. दुष्काळ सगळ्यांवर होता, विहीर मात्र सगळ्यांची नव्हती. आज परिषदांमध्ये 'क्लायमेट मायग्रंट' नावाचा शब्द फिरतो. आपले आईबाप, आजी-आजोबा पन्नास वर्षांपूर्वी तेच होते, पण तेव्हा त्यांना कोणी हा सन्मानाचा शब्द दिला नाही. शहरात त्यांना जी जागा उरली होती ती मिळाली : टेकडीचा उतार, कालव्याचा काठ, ओढ्याचे पात्र.

आता पुन्हा 2019 कडे येऊ. पुराच्या तीन महिने आधी, 29 जूनला, कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. 15 माणसे गेली, त्यांत 4 लहान मुले होती. मजूर बहुतेक बिहारकडचे. तीन दिवसांत आंबेगावात तशीच भिंत पडून 6 मजूर गेले. तेव्हाही पहिली बातमी 'मुसळधार पावसाचे बळी' अशीच होती. पाऊस भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडला. मग मेलेले सगळे एकाच बाजूचे का?

ढगफुटीचेही तसेच. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार एखाद्या ठिकाणी एका तासात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला ढगफुटी म्हणतात. ही व्याख्या पूर्ण होते की नाही हे तपासण्याआधीच तो शब्द छापून येतो, कारण तो सोयीचा आहे. ढगावर गुन्हा दाखल होत नाही. ओढ्याचे पात्र कुठे अरुंद झाले, कुठे त्यावर भिंती आल्या, ती परवानगी कोणाच्या सहीने मिळाली, हे प्रश्न विचारले तर नावे निघतात, आणि ती झोपडपट्टीतल्या माणसांची नसतात.

उपाय मात्र झोपडपट्टीवरच झाला. 24 जून 2021 ला, पावसाळ्यात आणि कोरोनाच्या काळात, दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीवर पालिकेचे बुलडोझर आले. कारण सांगितले गेले ओढ्याच्या पात्राचे आणि पुराच्या धोक्याचे. ही कारवाई बिल्डरच्या फायद्यासाठी आहे, असा रहिवाशांचा आरोप होता. लोक आडवे पडले, बायका लेकरांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. न्यायालयाची स्थगिती त्याच दिवशी आली, तोवर कित्येक घरे जमीनदोस्त झाली होती. पूर आला तेव्हा त्यांना पाण्याने काढले, पूर नको म्हणून त्यांना शासनाने काढले.

25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. कॅमेरे तिथे पोहोचले, पोहोचायलाच हवे होते. त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाची वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. त्यांची बातमी आकड्याएवढीच झाली. बुडालेल्या मोटारींच्या किमती आपल्याला कळल्या, हातगाडीवाल्यांच्या घरी मागे कोण राहिले ते कळले नाही. माध्यमांत कोणाचे नुकसान म्हणजे 'बातमी' आणि कोणाचे नुकसान म्हणजे 'आकडा' हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर कोण बसते, हा प्रश्न आंबेडकरी वाचकाला नवा नाही. 'मूकनायक' 1920 मध्ये याच कारणासाठी निघाला होता.

बाबासाहेबांनी पुराकडे कसे पाहिले, हे आपण वाचले पाहिजे. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज ही कामे त्यांच्याकडे होती. दामोदर आणि महानदीच्या योजनांची पायाभरणी त्या काळातली. 8 नोव्हेंबर 1945 ला कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या पुरावर नेमलेल्या जुन्या समित्यांची दृष्टीच चुकीची ठरवली. पाणी जास्त आहे म्हणजे संकट आहे, असे मानून ते समुद्रात कसे लोटायचे एवढाच विचार त्या समित्यांनी केला, हा त्यांचा आक्षेप. पाणी ही संपत्ती आहे, ते साठवा आणि लोकांच्या उपयोगात आणा, ही त्यांची मांडणी. ज्या माणसाने 1927 मध्ये महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क मागितला, त्याने सत्तेत गेल्यावर पुराला दैव म्हटले नाही. त्याला धोरणाचा प्रश्न म्हटले.

कर्मसिद्धांताने आपल्याला शतकानुशतके सांगितले की तुझे दुःख तुझ्या मागच्या जन्माचे फळ आहे, त्याला जबाबदार कोणी नाही. आजचा पुढारी 'हवामान बदल' हा शब्द त्याच जागी बसवतो. शब्द शास्त्राचा, काम कर्मसिद्धांताचे. म्हणून विज्ञान नाकारणे हे उत्तर नाही. विज्ञान नाकारले तर त्या पुढाऱ्याचेच फावते, कारण मग पुढच्या पावसाची तयारी करायचीही गरज उरत नाही.

उलट आपण त्यांचाच युक्तिवाद हातात घ्यावा. 1992 च्या रिओ परिषदेपासून भारत सरकार जगाला सांगते आहे की ज्यांनी जास्त धूर सोडला त्यांनी जास्त भार उचलावा. बरोबर आहे. अमेरिकेचा माणूस वर्षाला सरासरी 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सुमारे 2 टन. पण मग हाच न्याय देशाच्या आत का नाही? ज्याच्या घरात एसी नाही, मोटार नाही, त्याने शहराच्या हवामानासाठी घर का सोडायचे? मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाचे सुशोभीकरण होणार असेल, तर त्या काठावर राहणाऱ्या माणसाचा नकाशात पहिला हक्क का नसावा?

तरुणांना आमचे सांगणे इतकेच : या पावसाळ्याआधी आपल्या वस्तीजवळच्या ओढ्याचा जुना आणि नवा नकाशा माहिती अधिकारात मागवा. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांच्या आत कोणकोणत्या इमारतींना परवानगी मिळाली त्याची यादी मागा. धरणातून पाणी सोडण्याआधी वस्तीत भोंगा कोण वाजवणार, त्याचे नाव लेखी घ्या. पुनर्वसन त्याच परिसरात व्हावे, ही मागणी सोडू नका. आणि पुढच्या वेळी कोणी कॅमेऱ्यासमोर ढगाकडे बोट दाखवले, तर त्याच्यासमोर हा नकाशा धरा.

जय भीम! जय संविधान!