आधी उसवा, मग शिवा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अठराव्या शतकातले रेशमी झगे जपून ठेवलेले आहेत. त्यातले काही जवळून पाहिले तर ध्यानात येतं, की रेशीम एका पिढीचं आणि शिवण दुसऱ्या पिढीची आहे. कापड १७४० च्या दशकात विणलेलं, पण झग्याची बेतणी १७७० नंतरच्या फॅशनची. जुन्या चुण्यांच्या रेघा आणि उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं त्या रेशमावर अजून दिसतात. आईचा झगा मुलीसाठी किंवा स्वतःचाच जुना झगा नव्या फॅशनसाठी उसवून पुन्हा शिवणं, ही तेव्हा खात्यापित्या घरांचीही रीत होती.

जुन्या बाजारातून शर्ट, पँट, साडी आणायची आणि त्यातून काही वेगळंच शिवायचं, हा छंद आज शिवणकामात नव्यानं पडणाऱ्या अनेकांना लागला आहे. त्याचं कूळ त्या झग्यांपर्यंत पोचतं.

तेव्हा असं उसवून पुन्हा शिवण्याचं कारण साधं होतं. कापड महाग आणि शिलाई स्वस्त. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या मागांवरचं नक्षीदार रेशीम शिवणाऱ्या बाईच्या मजुरीपेक्षा कितीतरी महाग पडे. त्यामुळे ती कापडाला कात्री जपून लावायची. चुण्या घालून, दुमडून झगा अंगाबरोबर बसवायचा आणि लांब, सैल टाके घालायचे. उद्या हे उसवायचं आहे, हे धरूनच आजची शिवण चाले. बार्बरा जॉन्सन या पाद्र्याच्या मुलीनं १७४६ पासून १८२३ पर्यंत आपल्या कपड्यांच्या कापडाचे तुकडे एका वहीत लावले आणि शेजारी किती वार घेतलं, काय भाव पडला हे लिहून ठेवलं. ती वहीही याच संग्रहालयात आहे. कापडाचा वार न् वार असा हिशेबात धरलेला असे.

पुरुषांचे लोकरी कोट तर उलटवले जात. बाहेरची बाजू उन्हानं विटली, घासून चकाकायला लागली, की शिंपी पूर्ण कोट उसवायचा, प्रत्येक तुकडा पालथा करायचा आणि आतली न विटलेली बाजू वर घेऊन पुन्हा शिवायचा. असा कोट जाणकाराला ओळखता येई. छातीवरचा डावीकडचा खिसा उजवीकडे गेलेला असे.

ज्यांना नवं कापड परवडत नसे, ते जुन्या कपड्यांच्या बाजारात जात. लंडनची मॉन्मथ स्ट्रीट अशा दुकानांनी भरलेली होती. चार्ल्स डिकन्सनं १८३६ च्या सुमारास तिच्यावर एक लेखच लिहिला. आपल्याकडे हा बाजार दारावर येत असे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण दुपारी हाळी द्यायची आणि जुन्या साड्या, पँटी पारखून त्यांच्या बदल्यात पातेलं नाहीतर डबा द्यायची. ते कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकले जात. बोहारणीपर्यंत न पोचलेली नऊवारी घरातच कामी यायची. वापरून मऊ पडलेल्या सुती लुगड्यातून बाळाची झबली, कुंची, दुपटी निघत आणि उरलेल्याची गोधडी होई. वाढत्या अंगाचे कपडे शिवणं, परकराला टक घालून ठेवणं आणि दरवर्षी एकेक टक सोडत जाणं, ब्लाउजच्या आत मार्जिन दाबून ठेवणं, या सगळ्या सवयी त्याच घराण्यातल्या.

मग यंत्र आलं. एलायस हाउ यानं १८४६ मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरनं १८५१ मध्ये आपलं यंत्र आणलं आणि काही वर्षांतच त्याच्या कंपनीनं ते हप्त्यानं विकायला सुरुवात केली. हिंदुस्थानात सिंगरचा पसारा वाढवला तो मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. घरातल्या बाईच्या हाती यंत्र आल्यानं जुन्याचं नवं करणं सोपं झालं खरं, पण त्याच यंत्रानं कारखान्यातून तयार कपड्यांचा पूर आणला. कापड आणि कपडा दोन्ही स्वस्त झाले आणि उसवण्याची गरज ओसरत गेली.

ती परत आणली दुसऱ्या महायुद्धानं, तीही सरकारी हुकमानं. १ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन लागलं. साठेबाजी होऊ नये म्हणून बातमी इतकी गुप्त ठेवली होती, की कपड्यांची वेगळी कुपनंही छापली नव्हती. मार्गरिनची उरलेली कुपनं वापरा, असं सांगण्यात आलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं मिळाली. पुरुषाच्या अस्तर लावलेल्या कोटाला १३, वास्कटाला ५ आणि लोकरी पँटला ८, म्हणजे एका सुटातच २६ कुपनं जात. बाईच्या लोकरी फ्रॉकला ११ लागत. पुढे कुपनं आणखी घटली. वापरलेल्या कपड्यांना मात्र कुपन लागत नसे आणि घरोघरी कपाटांत सैन्यात गेलेल्या पुरुषांचे सूट लटकत होते.

१९४३ मध्ये सरकारनं ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. रफू कसं करावं, ठिगळ कुठे आणि कसं लावावं, जुना स्वेटर उसवून लोकर पुन्हा कशी विणावी, कपड्यांची कसर कशी टाळावी, सगळं तिच्यात होतं. शिवणाचे वर्ग गावोगाव भरू लागले. ज्यांनी आयुष्यात टाका घातला नव्हता अशा बायका तिथे शिकल्या आणि त्यांचं पहिलं कापड बहुधा जुना कपडाच असे. अमेरिकेत तर पुरुषाच्या सुटातून बाईचा सूट बेतण्याचे छापील पॅटर्न विकायला आले. पँटचे चारही भाग उसवून, गुडघ्यापाशी झिजलेला पट्टा टाळून त्यातून स्कर्टच्या कळ्या काढायच्या, अशी ती विद्या होती. मुंबई इलाख्यातही १९४३ नंतर कंट्रोलच्या कापडाचे दिवस आले. ब्रिटनमधलं कपड्यांचं रेशन उठायला १५ मार्च १९४९ उजाडला.

आजच्या छंदाला लागणारा माल पुरवणाऱ्या दुकानांची कथा वेगळी आहे. बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकानं १९०२ मध्ये श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे गोळा केले आणि बेकार, स्थलांतरित लोकांना ते दुरुस्त करायला शिकवून विकायला लावले. गुडविल ही संस्था त्यातून उभी राहिली. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅमचं दुकान १९४७ मध्ये सुरू झालं. १९६० नंतर तरुणांनी याच दुकानांतल्या जीन्स घेऊन पायांची आतली शिवण उसवली, मधे त्रिकोणी कापड भरलं आणि लांब स्कर्ट केले. ही युक्ती नवशिक्यांना आजही पहिल्यांदा शिकवली जाते. भरतकाम आणि ठिगळांची ही लाट इतकी वाढली, की १९७३ मध्ये लिव्हाइस कंपनीनं सजवलेल्या डेनिमची स्पर्धाच भरवली.

आता गणित पुरतं उलटलं आहे. कपडे इतके स्वस्त झाले आहेत, की श्रीमंत देशांतले टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी कांडला आणि पानिपतला, तसेच घानाची राजधानी आक्राच्या कांटामांटो बाजारात येऊन पडतात. कांटामांटोत शिंपी ते उसवतात, रंगवतात आणि नवे करून विकतात. जानेवारी २०२५ च्या आरंभी तो बाजार मोठ्या आगीत जळाला, तरी व्यापाऱ्यांनी लगेच पुन्हा दुकानं उभारायला घेतली.

नवशिक्यासाठी जुना कपडा दोन कारणांनी मोलाचा आहे. एक म्हणजे कात्री लावताना हात थरथरत नाही. शेकडो रुपये मीटरचं कापड बिघडण्याची भीती नसते. दुसरं, उसवताना शिवण उलट क्रमानं समजते. बाही मुंढ्याला कशी बसवली, बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा का असतो, कॉलरच्या आत कडक कापड कुठे दडलं आहे, उरेब पट्टी गळ्याला का लागते, हे हातानं उलगडलं, की पुस्तकातल्या आकृतीपेक्षा पक्कं लक्षात राहतं. उसवलेले तुकडे इस्त्री करून कागदावर ठेवले, कडा आखल्या, की पॅटर्नही तयार.

सुरुवात करणाऱ्यानं पुरुषाचा मोठ्या मापाचा, न ताणणारा सुती शर्ट घ्यावा. आधी धुवावा, म्हणजे आटायचा तो आटेल. उजेडासमोर धरून कोपर, काख आणि कॉलरपाशी विरळ झालेला भाग खडूनं खुणावावा आणि तो वगळूनच बेत करावा. बाह्या आणि कॉलर उसवून काढावी, पण बटणपट्टी तशीच ठेवावी. काजं करण्याचं अवघड काम वाचतं. अंगाच्या कापडातून लहान मुलीचा समोर उघडणारा फ्रॉक निघतो आणि बाह्यांतून त्याच्या खिशांपुरतं कापड सुटतं. धागा ओढून टाके तोडू नयेत, तीन-चार टाके सोडून एकेक टाका कापावा. आणि ही उसवण घाईत उरकू नये, कारण पहिला धडा तिच्यातच मिळतो.