दोन लाव्हांमधील गाळ

महाराष्ट्राचा काळा कातळ पाहून, येथें केवळ अग्नीचा उत्पात झाला, जीवसृष्टीचा मागमूसही उरला नाहीं, असें कोणासही वाटेल. परंतु सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचे हे लाव्हारसाचे थर मध्यें विसांवा घेत सांचले आहेत. त्या विसांव्यांत तळीं भरलीं, गाळ बसला, जीव नांदले. मुंबईंतील वरळीच्या गाळांत सांपडलेल्या चिमुकल्या बेडकाचें वर्णन ओवेन यांनीं १८४७ सालीं केलें; नागपूरजवळच्या टाकळीचीं जीवाश्म फळें व बिया मिशनरी हिस्लॉप आणि हंटर यांनीं १८५५ च्या निबंधानें विद्वानांपुढें मांडलीं. म्हणून आम्ही म्हणतों, इतिहास शोधणारानें हे पातळ थर उपेक्षूं नयेत. संहाराची साक्ष कातळ देतो. जीवनाच्या चिकाटीची साक्ष मात्र गाळच देतो.